गाडी स्वस्त होते, तिचे पार्ट होत नाहीत: जुनी लक्झरी सेडान घेण्याआधी आणि घेतल्यावर

पंधरा-वीस वर्षं वापरलेली मोठी लक्झरी सेडान विकायला येते तेव्हा तिची किंमत नव्या छोट्या गाडीच्याही खाली उतरलेली असते. लाकडी डॅशबोर्ड, सहा नाहीतर आठ सिलिंडर, दार लावताना येणारा तो जड, दबका आवाज, आणि हे सगळं एवढ्याशा पैशात! माणूस विरघळतो. मीही विरघळलो होतो. तेव्हा एक गोष्ट डोक्यात शिरली नव्हती: उतरते ती गाडीची किंमत. तिचा एअर स्ट्रट (हवेवर गाडी तोलणारा शॉक ॲब्सॉर्बर), ब्रेकचा पंप, गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट हे भाग आजही वरच्या दर्जाच्या गाडीच्याच भावाने मिळतात.

"ही गाडी रिलायबल आहे का?" असं लोक विचारतात. नव्या गाडीला हा प्रश्न ठीक आहे. या वयाच्या गाडीचा भरवसा मात्र मागच्या तीन-चार मालकांनी काय काय टाळलं यावर ठरतो. सस्पेन्शनचे बुश (रबरी जोड) वाजत होते, तसंच चालवलं. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होत होतं, नळाचं पाणी ओतलं. गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' आहे म्हणून कुणी हात लावला नाही. ही सगळी थकबाकी किल्लीबरोबर तुमच्या हातात येते. ती आधी मोजायची कशी आणि मग कोणत्या क्रमाने फेडायची, तेवढंच इथे सांगतो.

मॉडेलची दुखणी आधी पाठ करा

या वयापर्यंत प्रत्येक मॉडेलची दुखणी जगजाहीर झालेली असतात. ती माहीत नसताना गाडी बघायला जाणं म्हणजे प्रश्नपत्रिका हातात असून अभ्यास न करणं.

काही उदाहरणं देतो. जॅग्वार एक्सजेच्या एक्स३०८ पिढीत (१९९७ ते २००३) सुरुवातीच्या व्ही८ इंजिनांच्या सिलिंडरना आतून निकासिल नावाचा पातळ लेप होता आणि गंधक जास्त असलेल्या पेट्रोलने तो झिजायचा. टायमिंग चेन ताणून धरणारे टेन्शनरही प्लॅस्टिकचे होते, ते तडकतात. बीएमडब्ल्यू ई३९ (१९९५ ते २००३ ची फाइव्ह सिरीज) चालवायला अजूनही सुंदर, पण तिचा कूलंटचा टँक, थर्मोस्टॅटचं घर, रेडिएटरची टोकं प्लॅस्टिकची, आणि प्लॅस्टिक उष्णतेने ठिसूळ होतं. त्याच कंपनीच्या ई६५ सेव्हन सिरीजमधल्या एन६२ व्ही८ ला व्हॉल्व्ह सील (ऑइल सिलिंडरमध्ये जाऊ न देणारं रबर) कडक होण्याचा आणि इंजिनाच्या मधल्या खोबणीतला कूलंटचा पाइप गळण्याचा आजार आहे. पाइप साधाच, पण मूळ पद्धतीने तो बदलायचा तर इंजिनाचा पुढचा भाग उघडावा लागतो.

मर्सिडीजमध्ये १९९० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात काही इंजिनांच्या वायरिंगचं आवरण असं वापरलं गेलं की उष्णतेने त्याचा चुरा होतो. वायर हळूच वाकवून बघा. आवरण तडकलं तर इंजिनाचं सगळं हार्नेस (वायरिंगचा जुडगा) जाणार. डब्ल्यू२११ ई-क्लासच्या पहिल्या वर्षांत (२००२ ते २००६) विजेवर चालणारी एसबीसी ब्रेक यंत्रणा होती. तिचं युनिट ब्रेक किती वेळा दाबला याची मोजणी ठेवतं आणि ठरावीक आकडा ओलांडला की बदलायला सांगतं. २००६ च्या फेसलिफ्टमध्ये (त्याच मॉडेलच्या सुधारित आवृत्तीत) कंपनीने ती काढूनच टाकली. यावरून माझा एक ठोकताळा: कोणत्याही मॉडेलची पहिली दोन वर्षं टाळा, फेसलिफ्टनंतरची गाडी शोधा.

भरवशासाठी नावाजलेली लेक्सस एलएस ४०० (१९८९ मध्ये आली) सुद्धा याला अपवाद नाही. तिचं व्ही८ इंजिन दणकट आहे, पण पॉवर स्टिअरिंगच्या पंपातून गळणारं ऑइल खाली अल्टरनेटरवर टपकतं. पंप गळतोय हे वेळेत पाहिलं तर काम छोटं. नाही पाहिलं तर अल्टरनेटर जातो आणि लोक अल्टरनेटरलाच शिव्या देतात.

आणि इंजिन निवडताना हाव आवरा. मर्सिडीजच्या एम२७५ या व्ही१२ ला २४ स्पार्क प्लग आहेत. ज्या सेडानमध्ये साधं सहा सिलिंडरचं इंजिन मिळतं, तिथे तेच घ्या. बॉनेटखाली हात घालायला जागा उरते, आणि जागा असली की मजुरी कमी होते.

कागद वाचा, पण सीटही वाचा

सर्व्हिस हिस्टरी म्हणजे शिक्के मारलेलं पुस्तक नव्हे. बिलं मागा. बिलावर पार्टचं नाव, तारीख आणि किलोमीटर असतात. शिक्क्यावर काय केलं ते नसतं. बिलांमध्ये सस्पेन्शन आर्म, वॉटर पंप, गिअरबॉक्स ऑइल ही नावं दिसली तर तो मालक गाडी सांभाळणारा. नुसती इंजिन ऑइलची आणि पॉलिशची बिलं असतील तर गाडी दिसायला चकाचक मिळेल, बाकी काम तुमच्या वाट्याला.

मीटर मागे फिरवलाय का हे ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची कड सांगते. बऱ्याच गाड्यांत हा आकडा मीटरशिवाय दुसऱ्या मॉड्यूलमध्येही (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटमध्ये) साठवलेला असतो, काहींत तर किल्लीतही. त्या ब्रँडचा स्कॅनर तो वाचू शकतो. उलट बाजूने, वीस वर्षांत फारच कमी रनिंग झालेली गाडी दिसली की हुरळून जाऊ नका. रबर किलोमीटरने नाही, वर्षांनी म्हातारं होतं.

टायर बघा. बाजूच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. चारही टायर एकाच चांगल्या कंपनीचे आणि ताजे असतील तर मालकाने पैसे घातले आहेत. चार चाकांना चार कंपन्या असतील तर त्याने बाकी गाडीशी काय केलं असेल त्याचा अंदाज करा. माझ्या मते टायरइतका खरा साक्षीदार गाडीत दुसरा नाही.

गाडी थंड असतानाच पोहोचा

आदल्या दिवशी सांगून ठेवा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्याबरोबर बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं आहे, एवढं धरून चाला.

सुरू करण्याआधी गाडीपासून दहा पावलं लांब जाऊन तिची उंची बघा. एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभर उभी राहून एका कोपऱ्यात खाली बसली असेल तर तिथला एअर स्प्रिंग किंवा हवा चाकांना वाटणारा व्हॉल्व्ह ब्लॉक गळतोय. चाकाच्या कमानीपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने डावीकडे-उजवीकडे मोजा.

मग खिडकी उघडी ठेवून सुरू करा. पहिले सेकंद-दोन सेकंद थोडा खडखडाट चालतो. त्याहून लांबला तर चेनचा टेन्शनर किंवा गाइड. सायलेन्सरच्या तोंडाशी कुणालातरी उभं करा. इंजिन तापल्यावर दहा-पंधरा मिनिटं तशीच उभी सुरू ठेवा, मग ॲक्सिलरेटर झटकन दाबा. निळ्या धुराचा लोट आला तर व्हॉल्व्ह सील. ही पंधरा मिनिटं विकणारा कधीच खुशीने देत नाही. घ्या.

गिअरबॉक्ससाठी ब्रेक दाबून आर (रिव्हर्स) मधून डी (ड्राइव्ह) मध्ये, परत आर मध्ये. गिअर घ्यायला वेळ लागला किंवा धक्का बसला तर लक्षात ठेवा. रस्त्यावर साधारण ६० ते ८० च्या वेगाला हलक्या ॲक्सिलरेटरवर चालवा. रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी बारीक थरथर आली तर इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर. कधी कधी ती ऑइल बदलून जाते, कधी जात नाही, आणि त्या आशेवर गाडी घेऊ नये.

घरी न परतता थेट रॅम्पवर न्या. खालून बुशांच्या भेगा, ऑइलचे डाग, जॅक पॉइंटचा गंज दिसतो. मर्सिडीजच्या डब्ल्यू२१० (ई-क्लास) आणि सुरुवातीच्या डब्ल्यू२२० (एस-क्लास) सारख्या गाड्या गंजासाठी बदनाम आहेत, त्यांत हे आधी बघा. आणि ब्रँडचा पूर्ण स्कॅनर लावा. गाडीच्या प्लगला लावायचा स्वस्त ओबीडी रीडर इंजिनाचे बिघाडाचे कोड दाखवतो. सस्पेन्शन, एअरबॅग, बॉडी मॉड्यूल त्याला दिसत नाहीत. कोड अजिबातच नाहीत आणि इंजिनाचे रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का ते सांगणारे) 'अपूर्ण' दाखवत असतील, तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे.

सगळं ठीक वाटलं तरी खरेदीच्या किमतीच्या निदान एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला राहत असेल तरच व्यवहार करा. राहत नसेल तर एक पायरी खालची, पण सांभाळलेली गाडी घ्या.

पहिला महिना: जे ओतता येतं ते सगळं बदला

मागच्या मालकाने तोंडी सांगितलेलं काही धरायचं नाही. बिल नाही म्हणजे काम नाही.

इंजिन ऑइल घेताना डब्यावरचा ५डब्ल्यू-३० वगैरे घट्टपणाचा आकडा पुरेसा नाही. कंपनीची मंजुरी लागते, जसं मर्सिडीजसाठी २२९.५ किंवा बीएमडब्ल्यूसाठी एलएल-०१. तुमच्या इंजिनाला कोणती, ते मॅन्युअलमध्ये बघा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं: डीओटी ४ ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर दोन टनांची गाडी थांबवताना या फरकाची गाठ पडते. दर दोन वर्षांनी बदला.

गिअरबॉक्सबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. गाडीच्या कंपन्या म्हणाल्या 'लाइफटाइम'. पण ज्या झेडएफ कंपनीने बीएमडब्ल्यू, जॅग्वार, आउडी यांचे गिअरबॉक्स बनवले, ती स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकावं. झेडएफच्या सहा गिअरच्या खोक्यात फिल्टर प्लॅस्टिकच्या तळाशी एकजीव असतो, म्हणून तळच बदलावा लागतो. त्याच वेळी मेकॅट्रॉनिकच्या (गिअरबॉक्सच्या आतल्या कंट्रोल युनिटच्या) प्लगभोवतीचा प्लॅस्टिकचा स्लीव्हही बदला, तो गळतोच. ऑइलची पातळी इंजिन सुरू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला असताना बघायची असते. ज्या गॅरेजमध्ये हे तापमान स्कॅनरवर न बघता ऑइल भरतात तिथे हे काम देऊ नका. मर्सिडीजच्या ७२२.६ या पाच गिअरच्या खोक्यात वायरिंगच्या प्लगची रिंग गळली की ऑइल वायरच्या आतून चढत चढत कंट्रोल युनिटपर्यंत जातं. रिंगसकट तो प्लग अगदी किरकोळ वस्तू आहे. युनिट नाही.

कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचंच, डिस्टिल्ड पाण्याबरोबर निम्मं-निम्मं. रंग बघून मिसळू नका. रंग हा नियम नाही. प्लॅस्टिक-रबराचे भाग (होज, टँक, थर्मोस्टॅट, वॉटर पंप) यांची नोंद नसेल तर एकदाच सगळे बदला. एकेक बदलत बसलात तर नवा घट्ट होज जुन्या ठिसूळ टोकाला तोडतो, असं मी दोनदा पाहिलंय. तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर स्थिर राहील असा केलेला असतो. तो वर सरकला तेव्हा तुमच्याकडे काही सेकंदच असतात. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद. 'पुढच्या वळणापर्यंत जाऊ' म्हटलं की सिलिंडर हेड गेलं.

टायमिंग बेल्टचं इंजिन असेल आणि बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकत्र.

पाणी आणि वीज

आता माझी स्वतःची गोष्ट. गाडी घेतल्यावर तिसऱ्या महिन्यात बॅटरी उतरायला लागली. दर तिसऱ्या सकाळी दार उघडायला किल्ली घालावी लागायची. नवी बॅटरी टाकली, तेच. एका गॅरेजने स्कॅन मारून चौदा कोड काढले आणि तीन मॉड्यूल बदलायची यादी हातात ठेवली. मी यादी घेऊन घरी आलो आणि मल्टिमीटर काढला.

पद्धत अशी. बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५. हे ठीक असेल तर गाडी झोपल्यावर कोण वीज खातंय ते शोधायचं. बॉनेट उघडं ठेवून त्याचा लॅच स्क्रू-ड्रायव्हरने बंद करा, म्हणजे गाडीला बॉनेट लागल्यासारखं वाटतं. फ्यूज बॉक्सच्या बाजूच्या दाराचंही तसंच. लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबा, कारण सगळी मॉड्यूल झोपायला तेवढा वेळ घेतात. मग बॅटरीच्या केबलवर क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून प्रवाह मोजणारा): ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर निरोगी. माझ्याकडे सहाशेच्या वर होता. फ्यूज उपटत बसू नका. एक फ्यूज काढून घातला की अर्धी गाडी परत जागी होते. त्याऐवजी फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. जिथे आकडा शून्यापेक्षा जास्त, तिथून वीज वाहतेय.

माझा शोध पुढच्या सीटखालच्या एका मॉड्यूलवर येऊन थांबला. कार्पेट हाताला कोरडं होतं. दोन बोटं घालून त्याखालचा फोम दाबला तर वर पाणी आलं. फोम तीन बोटं जाड, आणि पूर्ण भिजलेला. मॉड्यूलचा प्लग काढला तर पिनांवर हिरवी भुकटी. पाणी कुठून? सनरूफच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या चार बारीक नळ्या असतात. पुढची उजवी नळी कुजलेल्या पाल्याच्या काळ्या लगद्याने बंद झाली होती. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी आत सरकवली, लगदा निघाला, पेलाभर पाणी ओतलं तर चाकामागून धार लागली. (कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी जोडापासून निसटते आणि मग छताचं कापड काढावं लागतं.) प्लग कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतला, फोम आठवडाभर पंख्याखाली वाळवला. मॉड्यूल वाचलं. चौदापैकी अकरा कोड परत आले नाहीत. ते नुसते कमी व्होल्टेजमुळे उमटलेले होते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. डॅशबोर्डवर एकदम पाच-सहा दिवे पेटले तर आधी बॅटरी आणि अर्थिंगची वायर, मग कार्पेटखालचा फोम, मग डिकीतल्या खड्ड्यांत पाणी साचलंय का, आणि सगळ्यात शेवटी मॉड्यूल. विंडशील्डच्या तळाशी, वायपरखालीही पाणी जायच्या वाटा असतात. तिथला पाला वर्षातून दोनदा काढा. बॅटरीवर सेन्सर असलेल्या बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने 'रजिस्टर' करावी लागते, नाहीतर गाडी तिला जुनी समजूनच चार्ज करत राहते.

एअर सस्पेन्शन

गळका एअर स्प्रिंग आज बदलला तर एक पार्ट. टाळला तर कॉम्प्रेसर ती हवा भरून काढायला सतत पळतो आणि जळतो, मग दोन पार्ट. गळती शोधायला साबणाचं पाणी पुरतं: स्प्रिंगच्या घड्या, जोड, व्हॉल्व्ह ब्लॉकवर लावा आणि बुडबुडे बघा. मात्र या गाडीखाली नुसत्या जॅकवर कधीही शिरू नका. हवा गेली की गाडी खाली येते. स्टँड लावा. साध्या कॉइल स्प्रिंगचं किट बसवावं का, यावर लोक भांडतात. मी बसवणार नाही, कारण त्या तरंगत्या चालीसाठीच तर ही गाडी घेतली. पण कॉइलवर मजेत फिरणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही.

मेकॅनिक, पार्ट आणि वही

चांगला मेकॅनिक ओळखायचा तर त्याला विचारा: "हा पार्ट गेलाय हे कशावरून?" मोजून दाखवलं तर तो तुमचा. "कोड आलाय" एवढंच म्हणाला तर दुसरा शोधा. कोड तक्रार सांगतो, कारण नाही.

पार्ट चेसिस नंबरवरून मागवा. लेमफर्डर, झेडएफ, बॉश, बेअर (आता माले) यांसारखे पुरवठादार गाडीच्या कंपन्यांना माल देतात आणि स्वतःच्या डब्यातही विकतात. तो घ्यायला हरकत नाही. भंगारात निघालेल्या गाडीतून स्विच, ट्रिम, काच, सीट खुशाल घ्या. रबर, पंप आणि एअरबॅग घेऊ नका. वापरलेलं मॉड्यूल घेण्याआधी ते दुसऱ्या गाडीला कोड करता येतं का ते विचारा. काही जन्मभर पहिल्याच गाडीला बांधलेले असतात.

गाडी उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही तापतील एवढी चालवा. एसी बारा महिने अधूनमधून लावा, सील ओले राहतात.

सोडायची कधी? इंजिन किंवा गिअरबॉक्सचं एखादं ओळखीचं दुखणं असेल तर राहा, त्याला शेवट असतो. मूळ ढाच्याला गंज लागलाय किंवा गाडी पाण्यात बुडून वायरिंग खराब झालंय, तर त्याच आठवड्यात विका आणि विकताना खरं सांगा.

ग्लव्ह बॉक्समध्ये वही ठेवा. डाव्या पानावर केलेली कामं, उजव्या पानावर थकलेली. माझ्या उजव्या पानावर आज चार ओळी आहेत: मागच्या डाव्या आर्मचा बुश, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट (घाम आलाय, टपकत नाही), ड्रायव्हरच्या दाराचा सॉफ्ट-क्लोज (दार आपोआप ओढून घेणारी यंत्रणा), आणि सनरूफच्या नळ्या, पावसाआधी.